बोलण्याचा तक्क्या काढून घेताना

एखाद्याच्या तोंडी तोच तो शब्द सारखा येऊ लागला, की शिकलेसवरले लोक त्याला पालुपद म्हणतात. आमच्या नांदेड-लातूरकडची जुनी माणसे त्याला ‘तकियाकलाम’ म्हणतात. निजामी राजवट गेली तरी घराघरांत राहून गेलेल्या असंख्य शब्दांपैकी हा एक. तकिया म्हणजे आपला तक्क्या, पाठीला टेकायचा लोड. आणि कलाम म्हणजे बोलणे. बोलता बोलता माणूस ज्या शब्दाला क्षणभर टेकतो, तो त्याचा तकियाकलाम. कुणाचा ‘म्हंजे’ असतो, कुणाचा ‘बगा’, कुणाचा ‘बरं का’, तर कुणाचा नुसताच ‘अं’. आमच्या भागात लग्नकार्यात चार म्हातारे एकत्र बसले, की डोळे मिटूनही कोण बोलते आहे हे सांगता येते, ते निम्मे आवाजावरून आणि निम्मे या तक्क्यावरून.

हा तक्क्या आता काढून घेतला जात आहे. गेल्या काही वर्षांत पॉडकास्ट नावाचा आकाशवाणीचा धाकटा भाऊ मराठीत चांगलाच स्थिरावला. फोनवर केव्हाही, कुठेही ऐकता येणाऱ्या या गप्पा आणि मुलाखती लाखो लोक ऐकतात. स्टुडिओ लागत नाही, परवाना लागत नाही. एक माइक आणि एक लॅपटॉप असला की काम सुरू. त्यामुळे आमच्याकडची मुलेही आजोबांच्या, गावातल्या कीर्तनकारांच्या, जुन्या शिक्षकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करू लागली आहेत. हे फार चांगले झाले. पण याच लॅपटॉपवर अशी साधने आली आहेत की एक कळ दाबली, की तासाभराच्या बोलण्यातले सगळे ‘अं’, सगळे अडखळणे, सगळ्या रिकाम्या जागा वेचून काढून टाकल्या जातात. ‘डिस्क्रिप्ट’सारख्या साधनात बोललेला मजकूर पडद्यावर अक्षरांत उमटतो. त्यातला शब्द खोडला की आवाजातूनही तो नाहीसा होतो. जे काम पूर्वी दिवसभर चाले ते मिनिटात होते. मग प्रश्न उभा राहतो तो असा, की होते म्हणून ते करावे काय?

आधी कापणाऱ्यांची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ऐकणाऱ्याचा वेळ फुकटचा नसतो. पोळ्या लाटता लाटता किंवा नांदेड-लातूर एस. टी.त बसून ऐकणाऱ्या माणसाने सूत्रसंचालकाचे चाळीस ‘अं’ का सोसावेत? छापील मजकुरात तर आपण हे नेहमीच करत आलो. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर हे मराठवाड्याने महाराष्ट्राला दिलेले केवढे मोठे वक्ते. १९८२ च्या फेब्रुवारीत औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, व्याख्यानाच्या व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. त्यांची कित्येक व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने आली. ती छापताना श्रोत्यांचा हशा, वक्त्याचे पाणी पिणे, वाक्य अर्धवट सोडून पुन्हा धरणे हे सारे गाळले गेले असणार, आणि ते योग्यच होते. कागदावर डोळा वाचतो. डोळ्याला ‘अं’चा काही उपयोग नाही.

आकाशवाणीतही कात्री होतीच. कार्यक्रमाची वेळ ठरलेली असे, आणि मुलाखत तेवढ्यात बसवावी लागे. टेपची फीत ब्लेडने कापून चिकटपट्टीने जोडली जाई. सेकंदाला साडेसात इंच वेगाने फिरणाऱ्या टेपवर दोन सेकंदांची शांतता म्हणजे पंधरा इंच फीत. कापणाऱ्याच्या हातात ती शांतता लोंबकळत असे. कापण्याआधी ती पुढेमागे फिरवून ऐकावी लागे, आणि मगच ब्लेड चाले. म्हणजे प्रत्येक काप हा कुणीतरी घेतलेला निर्णय होता. नव्या साधनाने कात्री दिली, पण हा निर्णय काढून घेतला. ते सगळ्याच शांतता एका मापाने मोजते. बोलणारा शब्द विसरला म्हणून थांबला, की त्याचा गळा दाटून आला म्हणून थांबला, हे त्याला ठाऊक नसते.

थांबणे म्हणजे रिकामे असणे नव्हे

आपल्याला वाटते, ‘अं’ म्हणजे बोलण्यातला कचरा. भाषाशास्त्रज्ञांचा अनुभव वेगळा आहे. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या अमेरिकन अभ्यासकांनी २००२ साली इंग्रजी संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की इंग्रजीतले असे दोन उद्गार सरसकट येत नाहीत. थोडा वेळ थांबायचे असेल तर एक येतो, जास्त थांबायचे असेल तर दुसरा. म्हणजे बोलणारा नकळत ऐकणाऱ्याला सांगत असतो, ‘थांब, माझे संपलेले नाही, पुढचे शोधतो आहे.’ २००९ साली जगातल्या दहा भाषांमधील संभाषणांची तुलना प्रसिद्ध झाली. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी अवघे सेकंदाच्या पाचव्या भागाएवढे अंतर असते, असे तीत दिसले. इतक्या घट्ट विणीत जो माणूस पूर्ण दोन सेकंद थांबतो, तो काहीतरी सांगत असतो.

हे समजायला आपल्याला परदेशी अभ्यासाची गरजही नाही. गोष्ट सांगणारी आजी मध्येच थांबते आणि समोरच्या नातवाने ‘हं’ म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. कीर्तनकार एक चरण म्हणून थांबतो ते टाळकऱ्यांनी तो उचलावा म्हणून. त्याचे ‘बरं का’ हे श्रोत्याच्या खांद्यावर ठेवलेला हात असतो. शाहीर थांबतो ते मागच्या झीलकऱ्यांच्या ‘जी जी’साठी. आपल्या बोलण्याच्या साऱ्या परंपरांत थांबण्याची जागा ही ऐकणाऱ्याची जागा आहे. ती बुजवली तर बोलणे पुढे जाते, पण ऐकणारा बाहेर राहतो. अटलबिहारी वाजपेयींचे भाषण ज्यांनी मैदानात उभे राहून ऐकले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वाजपेयी डोळे मिटून थांबत आणि हजारोंचा जमाव त्यांच्याबरोबर थांबे. त्यांचे भाषण आजच्या यंत्रातून गाळून काढले तर मजकूर सगळा उरेल, वेळही वाचेल. फक्त वाजपेयी उरणार नाहीत.

अर्थात प्रत्येक जण वाजपेयी नसतो. पण आमच्या भागापुरते बोलायचे तर हा प्रश्न वक्तृत्वाचा नाहीच. तो साक्षीचा आहे.

मराठवाड्याचे थांबणे

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले. त्या वेळी जे दहा-बारा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. २०२३ साली मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव झाला, भाषणे झाली, पण प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याएवढी उरली. त्यांतले जे तेव्हा शाळेत गेले त्यांचा उर्दूशी संबंध आलाच. कारभार उर्दूतून चाले, आणि पुढचे शिक्षणही उर्दूतून. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ तर उर्दू माध्यमाचे म्हणूनच प्रसिद्ध होते. असा एखादा वृद्ध बोलताना अडखळतो तेव्हा नीट ऐकावे. त्याला ‘कलेक्टर’ म्हणायचे असते, आणि जिभेवर आधी ‘अव्वल तालुकदार’ येतो, कारण त्याच्या लहानपणी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला तेच म्हणत. तो थांबतो, मनात भाषांतर करतो, ‘यानी… म्हंजे…’ म्हणतो आणि पुढे जातो. त्या दोन सेकंदांत एक राजवट जाऊन दुसरी आलेली असते. यंत्राच्या लेखी ती अडखळ आहे.

याहून अवघड थांबणेही असते. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरात वकिली करणारा. त्या काळात आमच्या गावांनी जे सोसले ते अनेकांनी सांगितले आहे. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत काय घडले, हे मात्र कमी लोकांनी सांगितले. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने तेव्हाच्या उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुस्लिम वस्तीवर झालेला अत्याचार सर्वांत जास्त असल्याचे नोंदवले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. वेगळा लातूर जिल्हा १९८२ साली झाला. समितीचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. गावागावांतल्या वृद्धांना त्या दिवसांबद्दल विचारले, की हिंदू असोत वा मुसलमान, ते एका ठिकाणी येऊन थांबतात. पाणी मागतात, छताकडे बघतात, ‘मंग काय… झालं ते झालं’ म्हणतात. इतिहासकाराला त्या शांततेतून कळते की इथे काहीतरी आहे आणि ते सांगण्याजोगे वाटत नाही. ती कापली तर ‘झालं ते झालं’ एवढेच उरते, आणि ऐकणाऱ्याला वाटते, काही झालेच नाही.

किल्लारीचे तसेच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा थर दिलेली माळवदे, उन्हाळ्यात गार राहणारी ती घरे झोपलेल्यांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसली. ज्यांनी ते विशीत पाहिले ते आता पन्नाशी ओलांडून गेले आहेत. त्यांची नातवंडे नव्या गावात जन्मली, आणि त्यांच्या हातात फोन आहे.

समजा, त्या पट्ट्यातली एखादी आजी नातीच्या फोनसमोर सांगते आहे, ‘मी भाईर आले… मंग… बगा… अं… धाकटं… आत होतं.’ कळ दाबल्यावर हे असे होईल: ‘मी भाईर आले. धाकटं आत होतं.’ माहितीत कसलीही कमतरता नाही. कोणी बाहेर आले, कोण आत राहिले, सगळे आहे. पण पहिल्या वाक्यात एक बाई त्या दारातून पुन्हा एकदा बाहेर येते आणि मागे वळते. दुसरे वाक्य पंचनाम्यातही शोभले असते.

खरे तर कायदाही इतका कोरडा नाही. साक्षीदार साक्ष देताना कसा वागला, कचरला की ठाम होता, यासंबंधी आवश्यक तो शेरा न्यायाधीशाने लिहून ठेवावा, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती आहे. शब्दांपलीकडे साक्ष असते हे कोर्टाला मान्य आहे. मग घरातल्या, गावातल्या साक्षीदारांना आपण त्याहून कमी मान का द्यावा?

यादी कोण करणार?

हे सफाईचे काम यंत्र करते तेव्हा आणखी एक प्रश्न येतो. कोणता शब्द भरीचा आणि कोणता मोलाचा, याची यादी कुणीतरी केलेली असते. इंग्रजीसाठी ती केव्हाच झाली. मराठीसाठी होईल तेव्हा त्या यादीत ‘बगा’ असेल काय? ‘आन्’? ‘तर मंग’? ‘लई’ हा जोर देणारा शब्द, पण शहरी कानाला तोही फालतू वाटू शकतो. लातूर पॅटर्नच्या जोरावर दरवर्षी किती मुले डॉक्टर-इंजिनिअर व्हायला पुण्या-मुंबईला जातात. तिथे पहिल्या सहा महिन्यांत ती स्वतःच्या बोलण्याची हीच सफाई करतात. ‘व्हय’ जाते, ‘काऊन’ जाते, पाठोपाठ तकियाकलामही जातो. दिवाळीला घरी आलेला मुलगा पुस्तकासारखा बोलू लागतो आणि आईला कळत नाही की पोरगा शिकला म्हणून आनंद मानावा, की परका झाला म्हणून वाईट वाटून घ्यावे. जे समाजाने मुलांकडून लाजेपोटी करून घेतले, ते यंत्र आता आजीकडून न विचारता करून घेईल. आजीला तर लाजही वाटलेली नसेल.

शिवाय यंत्राला शांतता सोसत नाही. ओपनएआय कंपनीचे ‘व्हिस्पर’ हे बोलणे अक्षरांत उतरवणारे साधन जगभर वापरले जाते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ साली इंग्रजी ध्वनिमुद्रणांवर त्याची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे एक टक्का तुकड्यांत त्या साधनाने कुणीही न बोललेली वाक्ये स्वतःच्या मनाने घातली होती. अॅफेझिया म्हणजे मेंदूच्या इजेमुळे बोलणे अडखळणाऱ्या लोकांच्या बाबतीत हे प्रमाण अधिक होते, कारण त्यांच्या बोलण्यात थांबणे जास्त. माणूस गप्प बसला की यंत्र त्याच्या तोंडी शब्द घालते! गप्प बसलेल्याच्या तोंडी शब्द घालणारी माणसे आपण सार्वजनिक जीवनात पुष्कळ पाहिली. हे त्यातले सर्वांत वेगवान.

म्हाइंभटांची रीत

मग करावे काय? याचे उत्तर मराठीतल्या पहिल्यावहिल्या गद्य ग्रंथात आहे. चक्रधरस्वामी गेल्यानंतर, इ. स. १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा जमवायला घेतल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना ते गाठत गेले, विचारत गेले. एकाची आठवण एक आणि दुसऱ्याची वेगळी, असे झाले तर त्यांनी दोन्हींची सरमिसळ करून एक गुळगुळीत लीळा बनवली नाही. याने असे सांगितले, तिने तसे सांगितले, अशी नोंद ठेवली. म्हणून ‘लीळाचरित्रा’त साडेसातशे वर्षांपूर्वीची माणसे आजही आपापल्या तोंडाने बोलताना ऐकू येतात. नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना या परंपरेची वेगळी ओळख नको. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. तो दर्जा ज्या प्राचीन वारशाच्या बळावर मिळाला, त्याच्या मुळाशी सांगणाऱ्याच्या बोलण्याबद्दलचा हा आदर आहे.

आपल्या काळातही ही रीत पाळणारे झाले. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या कित्येक बायांच्या आवाजात मुद्रित केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संग्रहातून सर्वांसाठी खुल्या होत आहेत. ओवी कागदावर वाचता येते आणि गाणारणीच्या तोंडून ऐकताही येते. दोन्हींची कामे वेगळी, हे त्यात मान्य केलेले आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले, त्यातही लोकांचे बोलणे आहे तसे मुद्रित करण्यावर भर राहिला. तिथे कुणी ‘अं’ गाळत बसले असते तर बोलीतले निम्मे गुपितच गाळले गेले असते.

यातून व्यवहाराचे काही नियम निघतात, आणि ते घरोघरी पाळता येण्यासारखे आहेत. पहिला, मूळ मुद्रणाला हात लावायचा नाही. ते तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव घालून दोन वेगळ्या ठिकाणी जपायचे. कात्री चालवायची ती त्याच्या प्रतीवर. दुसरा, आधी आपले स्वतःचे कापायचे. प्रश्न विचारणाऱ्याचे लांबण, त्याचे ‘अं’, मध्येच वाजलेला फोन, चहाच्या कपांचा आवाज खुशाल काढावा. गप्पांचा, करमणुकीचा कार्यक्रम असेल तर पाहुण्यांचेही थोडे आवरावे. त्यात कुणाचे नुकसान नाही. तिसरा, जिथे माणूस स्वतः सोसलेले सांगतो आहे, तिथे त्याच्या थांबण्याला यंत्र लावायचे नाही. कापलेच पाहिजे तर कानाने ऐकून, एकेक. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. जगाला ऐकवण्याआधी ज्याचे बोलणे आहे त्याला ऐकवायचे. त्याला स्वतःलाच एखादे अडखळणे नको असेल तर ते जाऊ द्यावे. तोतरे बोलणाऱ्या माणसाला, पक्षाघातातून उठलेल्या माणसाला आपले बोलणे कसे ऐकू जावे हे ठरवण्याचा पूर्ण हक्क आहे. तक्क्या ज्याचा, तो काढायचा की ठेवायचा हे त्यानेच सांगावे.

आणि मुलाखत घेणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. वृद्ध माणूस बोलता बोलता थांबला, की आपल्याला अवघडल्यासारखे होते. आपण घाईने पुढचा प्रश्न विचारतो, किंवा त्याच्या तोंडचा शब्द पुरवतो. ही सुद्धा एक कात्रीच आहे, आणि तिने कापलेले मूळ मुद्रणातही सापडत नाही. अशा वेळी मनातल्या मनात दहा अंक मोजावेत. पुष्कळदा सातव्या-आठव्या अंकाला माणूस असे काही सांगून जातो, जे त्याने पन्नास वर्षांत घरच्यांनाही सांगितलेले नसते.

हे काम पुढच्या पिढीवर सोपवता येणारे नाही. १९४८ पाहिलेली माणसे आणखी किती वर्षे भेटतील हे सांगायला ज्योतिषी नको. किल्लारीच्या साक्षीदारांना अजून अवकाश आहे, पण त्यांतले जे १९९३ साली साठीचे होते ते बहुतेक गेलेच. साधने स्वस्त झाली आहेत, फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, जागा मुबलक आहे. तासाभराच्या मुद्रणातून चार मिनिटांची शांतता काढून वाचवण्यासारखे आता काहीच नाही. येत्या सुट्टीत गावी गेलात तर फोन आजी-आजोबांपुढे ठेवा, एक प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. त्यांचे बोलणे आणि त्यांचे थांबणे, दोन्ही भरू द्या.